कर्ण्यावरचा आफ्रिकन ढोल

पूर्णेजवळच्या आमच्या गावात पाटलाच्या पोराचं लग्न होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला, तरी बाप हलगी वाजवायला गेलाच. मी धुसफुसत त्याच्या मागं. वरातीत मध्येच पाटलाच्या माणसांनी त्याची हलगी थांबवून कर्ण्यावर कॅसेट लावली. नवरदेवाच्या कॉलेजातल्या आफ्रिकन दोस्तानं ती आणली होती. ढोल त्याच्या मुलखातले, चाल वेस्ट इंडिजची. गाव बेभान नाचलं.

"ठेका तर आपलाच हाय की," बाप खुशीत म्हणाला.

पंगतीत त्या दोस्ताला नवरदेवाशेजारी पाट मांडला. आम्ही उकिरड्याच्या कडेला बसून, घरून नेलेल्या ताटांत वरून टाकलेला भात खात होतो.

मी चिडून विचारलं, "कॅसेटमधला ढोलवाला आला असता, तर त्याला कुठं बसवलं असतं?"

"आतच की," बाप म्हणाला. "त्याची जात इथं कुणाला ठाऊक हाय?"