दात वर करून ठेवलेला पंजा

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज सुविचाराऐवजी माझा संताप वाचा.

भावाने मुंबईहून बोटीने पाठवलेला माती उकरायचा तीन दातांचा हातपंजा शेजारच्या बाबल्याने काल मागून नेला. मी बजावलं होतं, "मातीत दोन बोटंच खोल घाल, हलक्या हाताने ओढ, आणि ठेवताना दात खाली."

ह्या शहाण्याने स्वतःची अबोली मुळासकट उपटली. आज सकाळी पंजा माझ्या अंगणात सुक्या पानांत टाकून गेला. दात वर!

दोन दात माझ्या टाचेत घुसले. डॉक्टरांनी सुई टोचली ती वेगळीच.

दुपारी बाबलो दारात हजर. मला वाटलं, माफी मागेल.

"बाईनू, पंजो बरो आसा मां? फाल्यां माका परत व्हयो."

उद्या पुन्हा हवा म्हणे! आता तुम्हीच सांगा, ह्याच्या हातात पंजा कुठल्या बाजूने द्यायचा?