दफ्तरी दाखल

परभणी जिल्ह्यातल्या एका न्यायालयात मी कनिष्ठ लिपिक होतो, तेव्हाची ही गोष्ट. नामांतराचे मोर्चे कचेरीसमोरून जात आणि बंदोबस्ताचे, अटकेचे कागद माझ्या टेबलावर साचत. पुढे अनेक वर्षे मी त्या कागदांनाच दोष देत आलो. आता पन्नाशी उलटल्यावर तेवढी सवलत स्वतःला देववत नाही.

एका दुपारी सोनपेठकडचा एक शेतमजूर दारात येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळापासून कानापर्यंत जुन्या जखमेचा वण होता. धाकट्या भावाने भ्रमाच्या भरात कुऱ्हाडीच्या दांड्याने ते डोके फोडले होते. भाऊ खटल्याला सामोरा जाण्याच्या मनःस्थितीत नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, तो बरा होईपर्यंत त्याला मनोरुग्णालयात ठेवण्याचा हुकूम आमच्याच न्यायालयाने दिला होता.

"साहेब, भावाला भेटून आलो. लय नीट बोलायलाय. माझ्या चारी पोरींची नावं सांगितली त्यानं. मंग सोडत का न्हाईत?"

आमचा शिपाई हसला. "डोकं तुझंच फोडलं ना त्यानं? आन् तूच वकिली करायलास?"

"डोकं माझं हाय, मामा. त्याचं माझं आमी बघून घेऊ."

"बरा झाल्याचं रुग्णालयानं कळवायला हवं," मी म्हणालो.

"डॉक्टर म्हणायलेत, तीनदा कळवलं."

मी काहीशा त्रासिकपणेच फाइल काढली. रुग्णालयाचा अहवाल दर सहा महिन्यांनी येई आणि प्रत्येकाचे पहिले वाक्य एकच असे: 'सदर आरोपी या रुग्णालयात उपचार घेत आहे.' तेवढे वाचून मी समासात 'दफ्तरी दाखल' लिहीत असे. कचेरीच्या भाषेत याचा अर्थ, या कागदावर काही करायचे उरलेले नाही, तो फाइलला लावून टाकावा.

त्या दिवशी मी प्रथमच दुसरे वाक्य वाचले. 'आरोपी आता बरा असून खटल्यास योग्य आहे. न्यायालयाने त्यास बोलावून घ्यावे.'

असे तीन कागद होते. तिन्हींवर माझे वळणदार अक्षर, खाली माझी आद्याक्षरे. पहिला कागद दीड वर्षापूर्वीचा होता. समोरचा माणूस माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता आणि त्याला वाचता येत नव्हते. त्याला वाचता येत नाही, याने त्या क्षणी मला हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याची लाज मला आजही त्या चुकीपेक्षा अधिक वाटते.

मी कागद न्यायाधीशांपुढे ठेवले. त्यांनी समास पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. "हे तुमचंच अक्षर ना?" एवढेच विचारले आणि आरोपीला हजर करण्याचा हुकूम लिहिला.

तो आला तेव्हा केस विंचरलेले, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. त्याने गुन्हा कबूल केला. भोगलेले दिवस हीच शिक्षा धरून त्याला सोडण्यात आले. काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर तो हळू म्हणाला, "मी बरा होऊन लय दिवस झाले, साहेब. तारीख लागना म्हणून मलाच वाटायलं, अजून येडाच असंल."

बाहेर थोरला भाऊ माझ्या पाया पडायला वाकला. "तुमच्यामुळं सुटला."

मी त्याचे खांदे धरून त्याला उभे केले. 'माझ्यामुळेच अडकला होता' हे वाक्य ओठांपर्यंत आले होते. ते मी बोललो नाही. दोघे एसटी स्थानकाकडे चालू लागले, आणि मी टेबलाशी परत येऊन त्या फाइलवर, या वेळी हुकमानुसार, दफ्तरी दाखल असे लिहिले.