कांड्यांची भिंत

काजळ्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वहिनी त्याच्याही आधी उठलेली असायची. आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोरचा माणूस ती आवाजावरून ओळखायची.

काजळ्या डिझेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात कामाला. तिथल्या उंच रिअ‍ॅक्टरमध्ये तांदळाएवढ्या, धातू चढवलेल्या उत्प्रेरकाच्या कांड्या भरलेल्या असतात. तेल आणि हायड्रोजन त्यांच्यामधून गेले की तेलातलं गंधक सुटतं. कांड्या मात्र थकत जातात. तेलातले जड धातू त्यांची बारीक भोकं बुजवतात, वर कोळशाची पुटं चढतात; आच हाताबाहेर गेली तर धातूचे कण एकमेकांना बिलगून कामातून जातात. मग काजळ्याच्या टोळीने आत उतरून त्या उपसायच्या. हवा लागली की हा माल पेटतो, म्हणून आत नायट्रोजन भरतात. श्वास मुखवट्यातून, वरून सोडलेल्या हवेच्या नळीचा.

त्या वर्षी आच चढली होती. कांड्यांचा दगड झाला, यंत्राची शोषनळी हरली. मुदतीत उपसलं तर दुप्पट मजुरी, नाहीतर दुसरी टोळी येणार. दुप्पट मजुरी म्हणजे वहिनीचे डोळे. काजळ्याने घाईत नको तेच केलं. वरून खाली येण्याऐवजी त्याने खालून पोखरायला घेतलं. माल भराभर निघाला आणि डोक्यावर कांड्यांची भिंत लटकत राहिली.

वर रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी काजळ्याचा दोर धरून बसलेल्या मामांनी ते आत सोडलेल्या कॅमेऱ्यात पाहिलं. मामा टोळीत सगळ्यांत जुने. कानातल्या फोनवर म्हणाले, "वर ये."

"मामा, एवढं एक ढेकूळ पाडतो."

"वहिनीला डोळे द्यायचेत की रडायला कारण?"

काजळ्या चडफडत वर आला. मुखवटा उतरवतो तोच खाली ती भिंत धप्पकन कोसळली. मामा एवढंच म्हणाले, की पाणी पी, मग वरून सुरू कर.

पुढे सगळ्यांनी पाळीपाळीने वरचा थर आधी फोडला. दुखरे गुडघे धरून मामाही एक पाळी उतरले. काम मुदतीत झालं. कुणी कौतुक केलं की काजळ्या अजून मामांकडे बोट दाखवतो.

त्या मजुरीतून वहिनीच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि घरी परतायच्या टॅक्सीचं भाडंही निघालं. पुढच्या सीटवर मामांना बसवलं होतं.