एक नंबर, दोन नंबर आणि मामींचा जवळा

आता कसं सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये नको. कारण ही फजिती आठवली की माझी छाती अजून धडधडते.

मी बोईसरला औषधाच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. नमुना क्रमांक एक, नमुना क्रमांक दोन, फरक काय तो सांगा. दिवसपाळीला हेच आणि रात्रपाळीलाही हेच! त्या पाळ्यांना मी अक्षरशः विटलो होतो.

आणि छंद कसला, तर काइटसर्फिंगचा! पायाखाली फळी, कमरेला पट्टा, हातात दांडा आणि वर खोलीएवढा पतंग. वारा त्याला ओढतो आणि तो तुम्हाला लाटांवरून ओढत नेतो. गोव्याला जाऊन शिकून आलो आणि ठिगळं लावलेला एक जुना काइटही घेतला. वनिता, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "माणसं संसाराला लागतात, तुम्ही वाऱ्याला लागलात."

तर झालं काय, एक खन्नासाहेब केळव्याला काइटसर्फिंगची शाळा काढणार होते. उड्या आणि कसरती करायचे, म्हणजे फ्रीस्टाइलचे काइट घ्यायचे होते. दोन कंपन्यांचे दोन नमुने आले होते. साहेब मला म्हणाले, "दोनों उडाके बता. फरक बराबर बताया तो स्कूल का हेड तू!"

हेड! रात्रपाळी बंद! मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

"साहेबांनी हातात हात दिला की मगच नोकरी सोडायची," वनितानं बजावलं. "आधी नाही."

रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मी बोईसरजवळचं दांडी गाव ठरवलं. दांडी माझी सासुरवाडी. खरं सांगू? सासरच्यांना जरा दाखवायचंही होतं, जावई काय चीज आहे ते!

दोन्ही नमुने पांढरेफटक, कापडावर कसलीही छाप नाही. मग मी कारखान्याच्या सवयीनं एकावर '१' आणि दुसऱ्यावर '२' अशा चिठ्ठ्या डकवल्या. शास्त्रीय पद्धत आहे, महाराज! दोन नंबर वाळूवर ओढलेल्या होडीमागे पसरून ठेवला, कडांवर वाळू टाकली आणि एक नंबरच्या कडेच्या नळ्यांमध्ये पंपानं हवा भरली. मदतीला माझे सासरे, म्हणजे मामा. जन्म दोर आणि जाळ्यांत गेलेला माणूस, त्यांना दोऱ्या जोडायला एकदाच दाखवल्या.

एक नंबर घेऊन पाण्यात गेलो. फ्रीस्टाइलच्या काइटमध्ये बघायचं काय? उसळी किती मारतो आणि हवेत असताना दोरी वेळेवर ढिली सोडतो की नाही. अहो, कसली उसळी! मी उडी मारायचो आणि गुडघ्याएवढाच उठायचो. किनाऱ्यावर खन्नासाहेब हाताची घडी घालून उभे.

बाहेर येऊन मी सांगितलं, "साहेब, हा मेलेला आहे. जीवच नाही कापडात."

"अच्छा?" साहेब म्हणाले.

"मामा, आता दोन नंबर लावा!"

मामा एक नंबर घेऊन होडीमागे गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

"जावई, एक नंबरच परत उडवला तर नाय चालनार? तो बरा हाय."

"मामा, ही तपासणी आहे! दोन नंबर म्हणजे दोन नंबर!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मान खाजवली आणि पुन्हा होडीमागे गेले. तिकडे बायकांचा गलका चालला होता. कुठे मी लक्ष देतो? मी साहेबांना शास्त्रीय पद्धत समजावत होतो!

थोड्या वेळानं मामा काइट घेऊन आले. चिठ्ठी '२'. काइटमधून पाणी ठिबकत होतं.

"ओला कसा झाला हो?"

"पानी उडालं," मामा म्हणाले.

आता तुम्ही सांगा, तपासणी खात्यातल्या माणसाला इथे शंका यायला हवी होती की नाही? नाही आली!

तेवढ्यात दुपारचा वारा भरला. मी पाण्यात शिरलो मात्र, आणि काय सांगू! पहिल्याच उसळीत नारळाच्या झाडाएवढा वर! दुसरी उडी, तिसरी उडी. साहेबांची हाताची घडी सुटलेली मला वरून दिसली. मी खुशीत दांडा आणखी ओढला आणि तिथेच चुकलो.

वाऱ्याचा एक झोत असा आला की मी फरफटत निघालो. समोर कोळ्यांनी जाळी बांधायला रोवलेले खुंट. खुंटाला दोरी अडकली की खेळ खलास! किनाऱ्यावरून वनिता जिवाच्या आकांतानं ओरडत होती. माझे हात बधिर झाले होते, नाकातोंडात खारं पाणी, आणि खुंट तर जवळ जवळ येत होते. हेड गेला खड्ड्यात, देवा, फक्त घरी ने! डोळे मिटून मी दांडा उलट्या बाजूला ओढला. काइट गर्रकन वळला आणि हातभर अंतरावरून मला बाहेर काढून घेऊन आला.

किनाऱ्याला लागलो. वनितानं आधी मला घट्ट धरलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. मी मात्र साहेबांपुढे उभा राहून सुरू झालो.

"साहेब, जमीन-अस्मानाचा फरक! याचं कापडच वेगळं, हाताला कळतं. तो एक नंबर असता तर आज मला खुंटावर टांगून आला असता. या दोन नंबरनं जीव वाचवला माझा!"

साहेब खूश! त्यांनी माझा हात हातात घेतला. "हो गया. आज से हेड तू!"

वनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू?

"चल, दोनों बाजू में रख," साहेब म्हणाले. "फोटो निकालते हैं."

"मामा, एक नंबर आणा हो!"

मामा हलेनात. मग त्यांनी हळूच माझ्याच काइटकडे बोट केलं. "त्यो काय."

"हा दोन नंबर आहे, मामा."

"चिठी दोन नंबरची हाय," मामा म्हणाले.

मी होडीमागे धावलो आणि साहेब माझ्यामागे.

तिथे वाळूवर माझा दोन नंबर पसरलेला, आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताजा जवळा, म्हणजे बोटाच्या पेराएवढी बारीक कोळंबी! सासूबाई, म्हणजे मामी, हातानं जवळा सारखा करत होत्या. भोवती शेजारणी.

"जावई!" मामी हसून म्हणाल्या. "दिवालीला बोललं व्हतं, जवला सुकवाला चांगलं कापड आनतो, ते इसरलं नाय तुमी! सगल्या आलीला दाखवलं मी!"

मी बोललो होतो खरा, आणि साफ विसरलो होतो.

"आता तिच्या हातातून कसं काढू?" मामा माझ्या कानात पुटपुटले. "मनून चिठी बदलली."

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"जावयाला तोंडावर नाय कसं म्हनाचं?"

खन्नासाहेबांनी वाकून दोन नंबरचा वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. "कपडा ही अलग है, क्या?" म्हणाले. "ये तू रख ले." आणि गाडीकडे चालू लागले. मामींनी धावत जाऊन त्यांनाही जवळ्याची पिशवी दिली. ती मात्र त्यांनी घेतली.

वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. पण मामींचा तो फुललेला चेहरा बघून मी एवढंच म्हणालो, "आवडलं ना कापड?"

तर मी अजून रात्रपाळीतच आहे. दोन नंबर दांडीला जवळा सुकवतोय. आणि वनिता? ती रोज सकाळी एकाच पातेल्यातला चहा दोन कपांत ओतते, दोन्ही माझ्यापुढे ठेवते आणि विचारते, "हं, सांगा तपासणीसाहेब, यातला बरा कुठला?"

परवा झोपेत होतो. एकेक घोट घेतला आणि म्हणालो, "डावीकडचा."

हसा आता! पण खरं सांगतो, डावीकडचा जरा बरा होताच.