पाण्यात पडलेला गोल

तिला आम्ही गोलंदाज म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. एमआरआयच्या खोलीत मी अठरा वर्षं काढली. तिला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, आणि डॉक्टरबाई मला सांगत होत्या, "गोल तिलाच काढू दे. तिचा हात बसलाय."

गोल म्हणजे काय ते सांगते. मेंदूत गाठ असली की आम्ही एक खास चित्र काढतो. गाठीतलं पाणी किती मोकळं फिरतंय ते त्यात कळतं. पेशींची दाटी असली की पाण्याला हलायला जागा नसते; मग चित्र काळं दिसतं, आकडा लहान येतो, आणि गाठ बहुधा वाईट निघते. हा आकडा मिळवायला चित्रावर माउसनं छोटासा गोल काढायचा. शेवटचा निकाल गाठीचा तुकडा तपासल्यावरच लागतो, पण पेशंटला लगेच दाखल करायचं की तीन महिन्यांनी बोलवायचं, हे आमच्याकडे बऱ्याचदा या आकड्यावर ठरतं.

गोल काढायला तिला शिकवलं मीच. म्हणून तर जास्त जळफळाट व्हायचा. घाबरट पेशंटही ती दोन शब्द बोलली की मशीनमध्ये गुपचूप पडून राहायचे. माझे मात्र नेमके चित्र काढतानाच खोकायचे. मी तिला अगदी पाण्यात पाहायचे.

एका सकाळी शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. बस चालवताना हात थरथरला म्हणून तपासणी. बायको दाराशी उभी. "ताई, घरी नेता येईल ना यांना?" दोनदा विचारून झालं होतं.

गोलंदाजीणबाईंनी गोल काढला. आकडा आला एक पूर्णांक आठ. म्हणजे सौम्य गाठ.

"ताई, बरोबर आहे ना?" तिनं मला विचारलं.

मी डोकावले. गोल गाठीच्या मधल्या पोकळीत पडला होता. तिथे नुसतं पाणी. आकडा मोठा येणारच! गाठीचा घट्ट, काळा भाग कडेला तसाच राहिला होता. इतकी कच्ची चूक, आणि हिच्या हातून! मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

"तुला मी काय सांगणार बाई," म्हटलं, आणि डबा खायला गेले. दोन घास जास्तच गेले.

दुपारी कारकुनानं ड्रायव्हरचं नाव पुकारलं. बायकोनं पिशवी उचलली, नवऱ्याचा शर्ट नीट केला. निघाले घरी! मी तशीच धावत डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरले.

"त्या ड्रायव्हरचा रिपोर्ट थांबवा. गोल चुकलाय."

"थांबवलाय. अर्ध्या तासापूर्वी हिनंच येऊन सांगितलं. नवा आकडा शून्य पूर्णांक सात. वॉर्डमध्ये पाठवलंय त्यांना." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या कधी लक्षात आलं?"

गोलंदाज कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसली होती. तिची पाठ ताठ झाली.

"आत्ताच," मी म्हणाले.

ती वळली. माझ्याकडे नीट पाहिलं. आता ही सगळं सांगणार, माझी अठरा वर्षं मातीत जाणार.

"मॅडम, पाणी टाळून गोल काढायचा, हे मला ताईंनीच शिकवलंय," ती म्हणाली. "जेवताना तेच आठवलं, म्हणून परत बघितलं."

तिनं चारचौघांत माझी लाज काढली असती तर मी भांडले असते. आता काय करू? त्या दिवसापासून तर मला तिचा जास्तच राग येतो.