पार्किंगचा दिवा आणि आमचे सेक्रेटरी

बाळांनो, स्वतःची चूक कधीच न सापडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींइतका निर्दोष माणूस उभ्या बसवनगुडीत मिळायचा नाही. समोरच्या विंगमध्ये, बरोबर माझ्या खिडकीसमोर, ते एकटे राहतात. त्यांचं घराणं तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं, त्यामुळे बोलणं मराठी आणि फोडणी कानडी. मला ते अक्का म्हणतात, मी त्यांना अण्णा म्हणते, आणि गेला महिनाभर यापलीकडे आम्ही जे काही बोललो ते भांडणच. राहूकाळात हा माणूस कुठलंही काम सुरू करू देत नाही. एकदा पाण्याचा टँकर त्यांनी दीड तास फाटकाबाहेर उभा ठेवला, आणि अर्धी बिल्डिंग अंगाला साबण लावून आत ताटकळत होती.

दोन विंगांच्या मधल्या पार्किंगमधून कुणाचं तरी हेल्मेट चोरीला गेलं आणि अण्णांनी फ्लडलाइट बसवायचं ठरवलं. इलेक्ट्रिशियन रविवारी साडेचारला शिडी घेऊन आला. रविवारी साडेचार ते सहा राहूकाळ! त्याला अण्णांनी बाकावर बसवून दोनदा कॉफी पाजली आणि सहाच्या ठोक्याला दोन विंगांना जोडणाऱ्या भिंतीत पहिलं भोक पाडू दिलं. दिवा वर चढेपर्यंत अंधार झाला. त्या वैतागलेल्या माणसाने हाताला लागेल तिथे, भलत्याच उंचीवर, पार गच्चीच्या कठड्याखाली दिवा ठोकला, "पुन्हा बोलावू नका" म्हणाला आणि गेला. आता तो दिवा सरळ ठेवला तर रस्त्यावरच्या बसवाल्याचे डोळे दिपतात, उजवीकडे वळवला तर अण्णांची खिडकी उजळते आणि डावीकडे वळवला तर माझी. सांगायला नको, तो डावीकडे होता.

"अण्णा, हा दिवा वळवा. मला झोप नाही."

"दिवा सरी आहे, अगदी बरोबर आहे, अक्का. खिडकी चुकीच्या जागी आहे. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

"खिडकी अ‍ॅडजस्ट करू?"

"ते बिल्डरला विचारा."

मग मी रीतसर इंग्रजीत पत्र लिहिलं, मुद्द्यांना क्रमांक घालून. दुसऱ्या दिवशी ते लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावलेलं! मी जाब विचारला, तर म्हणतात, "तुमचं इंग्लिश फस्टक्लास. बिल्डिंगमधल्या मुलांनी वाचून शिकावं." माझ्या तक्रारीचा असा धडा केलेला पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पूर्ण उतरलेली नाही.

परवा मात्र हद्द झाली. सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि रात्रभर जागी असल्यामुळे मला खुर्चीतच डोळा लागला. जाग आली ती धुराने. पातेलं कोळशासारखं झालं होतं. मी ते चिमट्यात धरून तडक त्यांच्या दारात गेले.

"हे बघा! माझ्या पदरानं पेट घेतला असता, म्हणजे फळ्यावर काय लावलं असतंत?"

अण्णांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठेवून जा ते," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पाहते तर हा माणूस गच्चीच्या कठड्याशी उभा राहून फरशी पुसायच्या काठीने दिवा ढकलतोय, उजवीकडे. मग चिंच लावून घासलेलं पातेलं हातात घेऊन माझ्या दारात. "अक्का, आता सरी?"

"आणि तुमची खोली?"

"मला काय, उजेडात वाचता येतं."

आता माझ्या खोलीत दाट काळोख आहे. समोर अण्णांनी खिडकीला वारलेल्या बायकोची सुती साडी दुहेरी करून बांधली आहे. उजेड तिच्यातून आरपार जातो, आणि मागच्या भिंतीवर त्यांची सावली कूस बदलताना दिसते. सकाळी जिन्यात विचारलं, "झोप लागली का?" तर म्हणाले, "गाढ." डोळे लालबुंद. चूक झाली असं हा माणूस अजून म्हणालेला नाही, म्हणणारही नाही. एवढा राग साठवून ठेवला होता, तो आता कुठे ठेवू ते कळत नाही. रात्री अंथरुणावर पडते, डोळे मिटते, पुन्हा उघडते, आणि ती सावली स्थिर होईपर्यंत मलाही झोप येत नाही.