चाऊस घरी पैसे पाठवतात

लग्न होऊन सेलूला आले त्यानंतर तीन-चार वर्षं मी चाऊसांची फक्त पाठ पाहिली. परक्या घरच्या लेकीसुनांकडे पाहायचं नाही, हा त्यांचा नेम. तो पाळायची पद्धत अशी की मागच्या दाराशी यायचं, खाकरायचं आणि आमच्याकडे पाठ करून उभं राहायचं. पाठ चांगली रुंद होती. कमरेला जंबिया, खाली चौकड्यांची लुंगी, आणि बोलणं सगळं समोरच्या कडुलिंबाशी. "बाईसाब, हात आगे करो," असं ते कडुलिंबाला सांगत आणि पाठीमागे धरलेल्या मुठीतून माझ्या हातावर रुपये पडत.

चाऊस आमच्या कापसाच्या जिनिंगचे पहारेकरी. निजामाच्या मुलखात पहाऱ्याला अरब असला की मालक घोरत झोपे. समुद्रापलीकडे हद्रमौत नावाचा मुलूख, तिथं त्यांची बायको आणि मुलगी. मुलगी दोन महिन्यांची असताना ते निघाले, ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या पगारावर तिकडची चूल पेटायची. म्हणून निम्म्याहून जास्त पगार ते माझ्याकडे देत आणि मी तो उतरंडीच्या तिसऱ्या गाडग्यात, तुरीच्या डाळीखाली ठेवत असे. कचेरीत एवढी लोखंडी तिजोरी असताना हा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलं.

"जहाँ पहरा मैं देता, वहाँ मेरा पैसा नको," चाऊस म्हणाले. "नियत का क्या भरोसा?"

कोणाची नियत, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

कापसाचा हंगाम आटोपला की आमचे हे मुंबईला जात, तेव्हा ते पैसे बरोबर नेत. निजामाचा हाली रुपया मुंबईत चालत नसे. तो देऊन इंग्रजांचा कलदार घ्यायचा, त्यात बट्टा जायचा. मग तिथला एक अरब व्यापारी पैसे गलबतवाल्यांबरोबर पुढे पाठवी आणि सहा-सात महिन्यांनी पोचल्याची चिठ्ठी येई. चाऊसांना सगळं मान्य होतं, फक्त बट्टा मान्य नव्हता. रुपया चांदीचा, वर चारमिनार, आणि तो कमी कसा? या प्रश्नावर ते कडुलिंबाशी तासन् तास भांडत.

एका वर्षी त्यांनी बट्ट्यावर तोड काढली. परभणीचे एक गृहस्थ हजला निघाले होते. चाऊसांनी हालीचेच रुपये एका बंडीच्या अस्तरात शिवले आणि ती बंडी त्यांच्या हवाली केली. हजला हद्रमौतचे लोकही येतात, त्यांच्यातल्या ओळखीच्या कोणाकडे ती द्यायची होती. बंडी पोचली, अगदी सुखरूप. पुढच्या वर्षी चिठ्ठी आली, ती ह्यांनी मागच्या दारात वाचून दाखवली. तिथल्या दुकानदारानं हे नाणं ओळखलं नाही, चांदीच्या भावानं घेतो म्हणाला. पण चाऊसांच्या बायकोनं त्यावरचे मिनार पाहिले, तिला वाटलं मशीद आहे. मशिदीचं चित्र वितळवू कसं देणार? तिनं सगळ्या रुपयांना कड्या लावून लेकीच्या गळ्यात माळ घातली आणि वर्षभर खायला म्हणून बकऱ्या विकल्या.

चाऊस गर्रकन वळले. "बकऱ्या बेच दी!" ते थेट माझ्या तोंडावर ओरडले.

असा मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. दाढी मेंदीची, डोळे लहान पोरासारखे. मला हसू आवरेना. त्या बाईच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं, असंही वाटलं. त्यानंतर चाऊसांनी बट्ट्याचं नाव काढलं नाही.

पुढे जर्मनीशी लढाई पेटली. गलबतं जाईनात, व्यापाऱ्यानं पैसे घ्यायचे बंद केले. गाडगं भरलं, मी खालचं रिकामं केलं, तेही भरत आलं. तिकडे दुष्काळ पडल्याचं मुंबईहून कळलं, तसं चाऊसांनी एक वेळचं जेवण सोडलं.

सासूबाई लिंगपूजा आटोपून दारात आल्या आणि बरसल्या, "कशाला उपाशी राहायलाव चाऊस? तुमी न्हाई जेवलं म्हणून तितं कुणाचं पोट भरायलंय का?"

"नहीं भरता, अम्मा," चाऊस म्हणाले. "मगर गले के नीचे उतरता नहीं."

सासूबाई आत आल्या. डोळ्याला पदर लावला आणि धुरानं पाणी येतंय म्हणाल्या. चूल विझलेली होती.

लढाई संपल्यावर चिठ्ठी आली. बायको त्या दुष्काळात गेली होती. मुलगी वाचली होती. दोन गाडगी भरून पैसे माझ्या स्वयंपाकघरात होते आणि ती बाई उपासानं मेली. मी त्या दिवशी उतरंडीकडे पाहूही शकले नाही. चाऊस कडुलिंबाला म्हणाले, "बेटी को भेजो." आणि पूर्वीसारखे दोन्ही वेळा जेवू लागले.

"आता तरी जा लेकीकडं," सासूबाई म्हणायच्या.

"मैं गया तो भेजिंगा कोन?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

शेवटी ते सरकारनंच मिटवलं. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि परदेशी अरबांनी आपापल्या देशी जावं असा हुकूम निघाला. इतकी वर्षं ज्या बोटीच्या भाड्यावर चाऊसांनी पैसा मोडला नव्हता, तिच्यात त्यांना फुकट बसवलं. जाताना ते मागच्या दाराशी आले. तोवर आमची दशा झाली होती. त्या धामधुमीत जिनिंग जळालं, धसक्यानं ह्यांनी अंथरूण धरलं, आणि मी दागिने एकेक करून मोडत होते. चाऊसांचे पैसे तेवढे मी हात न लावता ठेवले होते. ते त्यांच्या मुठीत दिले. त्यांनी ते कमरेला खोचले आणि गेले.

दीड वर्षानं मुंबईच्या त्या व्यापाऱ्याचा माणूस पत्ता शोधत आला. त्यानं वीस रुपये कलदार आणि उर्दू चिठ्ठी दिली. ह्यांनी उशीला टेकून वाचली. मुलगी भेटली, तिला दोन मुलं आहेत. हद्रमौतला काम नाही, म्हणून चाऊस अदन बंदरात एका गोदामावर पहाऱ्याला आहेत. पगाराचे दोन वाटे करतात. एक वाटा लेकीला, एक घरी, सेलूला. रक्कम थोडी आहे, माफी असावी.

आम्ही तिघं त्या रुपयांकडे पाहत बसलो. "परत धाडावेत का?" हे म्हणाले.

सासूबाई उठल्या. "घरच्या माणसानं धाडलेलं परत करतेत व्हय?" त्या म्हणाल्या आणि बाजाराची पिशवी माझ्या हातात दिली.

मी बाजारात गेले आणि त्या पैशांची ज्वारी आणली. पुढचे कितीतरी दिवस आम्ही तीच खाल्ली.